संगप्पा मिळून आला नाही

मी एकोणतीस वर्षं बेलीफ होतो. बेलीफ म्हणजे कोर्टाचा कागद माणसाच्या हातात नेऊन देणारा, आणि कागद मिळूनही माणूस हलत नसेल तर त्याच्या दारातली वस्तू उचलून आणणारा. आमचं कोर्ट कुठल्या तालुक्याचं ते सांगत नाही, माझ्या पेन्शनीचे कागद अजून तिथंच फिरत आहेत. या नोकरीत मी लई माणसं बघितली. पण मुरडगावच्या संगप्पाएवढा सज्जन माणूस बघितला नाही. आणि सज्जन माणसाकडून महिन्याचे शंभर रुपये काढायला काय काय करावं लागतं, तेही त्याच्यामुळंच कळलं.

मुरडगाव देवणीच्या अलीकडं, नाल्याच्या काठावर. संगप्पाची तिथं बावीस एकर काळी जमीन, दोन विहिरी. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, तोंडात कधी शिवी नाही. दारू नाही, पत्ते नाहीत. मठात अन्नदान निघालं की ज्वारीचं पहिलं पोतं ह्याचं. कुणाच्या लेकीचं लग्न ठरलं की मांडवाचे बांबू ह्याच्या गाडीतून यायचे आणि भाडं विचारलं तर हा कानाला हात लावायचा.

शहात्तर साली त्याचं लग्न झालं. बायको कमलम्मा, आमच्याच तालुक्याच्या गावातली, बाप दाळमिलमध्ये मुकादम. तीन वर्षांनी तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून संगप्पानं स्वतः गाडी जुंपून तिला आणून सोडलं, वाटेत हिसके बसू नयेत म्हणून गाडीत कडब्यावर दोन गोधड्या टाकल्या. मुलगी झाली. बारशाला संगप्पा आला नाही, पेरणी होती. दिवाळीला आला नाही, खळं चालू होतं. मग आलाच नाही. कमलम्माच्या बापानं दोनदा माणसं पाठवली. संगप्पाची आई पार्वतम्मा त्यांना चहा पाजायची आणि म्हणायची, "येईल की. कामं काय कमी हायेत का त्याला?" अशी दोन वर्षं गेली आणि जावयाऐवजी वकिलाची नोटीस आली. बायको दोन वर्षांपासून नांदायला येत नाही, सबब घटस्फोट मिळावा.

तेव्हा आमचा जिल्हा उस्मानाबाद. कमलम्मा पोरगी कडेवर घेऊन एस.टी.नं तिथं गेली. जज्जसाहेबांनी विचारलं, नांदायला जाता का? ती म्हणाली, "आता न्हाई जायचं मला. पण पोरगी त्यांची हाय. तिचं काय ते लिवा." साहेबांनी लिहिलं. घटस्फोट मंजूर, आणि बापानं मुलीच्या पोटगीचे दरमहा शंभर रुपये ती सज्ञान होईपर्यंत द्यावेत. बाहेर आल्यावर संगप्पा व्हरांड्यातच सासऱ्याच्या पाया पडला. मग माझ्यासारखा एखादा म्हणणारच, की माणूस वाईट नव्हता.

पाच महिने मनिऑर्डर आली. मग ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. फटाके उडले, गुलाल उडाला, आमच्या कोर्टाच्या पाटीवर पेंटरनं उस्मानाबादवर पांढरा रंग मारून लातूर लिहिलं आणि पावसानं तो पांढरा रंग उतरून दोन्ही जिल्हे एकदम दिसायला लागले. संगप्पानं गावात साखर वाटली. आणि मनिऑर्डर बंद केली.

कमलम्मानं निरोप धाडला. उत्तर आलं, "तो हुकूम उस्मानाबादचा होता. आपण आता लातूरचे. नवा जिल्हा काय म्हणतो ते बघू."

हे तो थट्टेनं म्हणत नव्हता. चावडीपुढं बसून त्यानं हा मुद्दा चार शहाण्यांना समजावून सांगितला आणि त्यांना तो पटला. एकानंच तेवढं विचारलं, "मग सोसायटीचं कर्ज बी गेलं का?" त्यावर संगप्पा म्हणाला, "ते न्हाई. ते सोसायटीचं असतंय."

कमलम्माला जिल्ह्यांचा वाद घालायला वेळ नव्हता. बाप वारला होता आणि ती त्याच दाळमिलमध्ये डाळ निवडायला जात होती. दोन वर्षं अशीच काढल्यावर तिला किशनराव वकील भेटले. किशनरावांची प्रॅक्टिस बेताची, कोट एकच, पण माणूस चिवट. त्यांनी फी घेतली नाही. म्हणाले, "कमलम्मा, जिल्हा बदलला म्हणून पोरीचा बाप बदलत नसतो. दरखास्त लावू." दरखास्त म्हणजे, हुकूम आधीच झालेला आहे, आता तो वसूल करून द्या, असा अर्ज. उस्मानाबादचे कागद आणवून त्यांनी आमच्या कोर्टात दरखास्त लावली. त्या दरखास्तीची नोटीस घेऊन मी पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात सायकलवरून मुरडगावला गेलो.

तो दुष्काळाचा सलग दुसरा उन्हाळा. वाटेतली सगळी रानं उघडी पडलेली, नाल्यात लेकरं खड्डे करून वाटीनं पाणी भरत होती. संगप्पाची एक विहीर आटली होती, दुसरी चालू होती. तो गोठ्यात होता आणि वळूला खरारा करून राहिला होता.

त्या वळूबद्दल सांगायला पाहिजे. नाव बसू. अस्सल देवणी, त्यातला वानेरा, म्हणजे अंग सगळं पांढरंशुभ्र आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. वशिंड असं, की बघणाऱ्याची टोपी पडावी. बिदरकडून, नांदेडकडून लोक गायी दाखवायला आणायचे. संगप्पा गाईमागं पंचवीस रुपये घ्यायचा आणि मठाच्या गाईचे काही घ्यायचा नाही. बसूची वासरं दोन राज्यांत होती आणि संगप्पाला त्यातल्या एकेकाचं गाव, रंग, शिंगाचं वळण पाठ. "औरादच्या शिवप्पाकडं एक कालवड हाय बगा, कपाळ डिट्टो बसूचं," असं तो मला सांगत होता. मी नोटीस पुढं केली. त्यानं वाचली. बराच वेळ वाचली. मग म्हणाला, "गंगम्मा ठिवलं व्हय नाव?"

पोरगी तेव्हा सहा वर्षांची होती.

मग त्यानं मला जेवायला बसवलं. पार्वतम्मानं गरम भाकरी थापल्या, शेंगदाण्याची चटणी, वर दही. दुष्काळात दही! त्यानं दुसरं लग्न केलं होतं, ती बाई आतून बघत होती, तिच्या काखेत मुलगा. हात धुवायला पाणी संगप्पानंच घातलं. म्हणाला, "साब, एक इनंती हाय. मी घरी नव्हतो असं लिवा."

आणि मी लिहिलं. 'सामनेवाले संगप्पा गावी मिळून आले नाहीत.' त्याच्याच ओसरीवर बसून, त्याचाच पेन घेऊन. असं एकदा नाही, तीनदा लिहिलं. लोक मला विचारतात, किती पैसे घेतले? मी पैसे घेतले नाहीत. चटणी घेतली.

प्रत्येक तारखेला कमलम्मा कोर्टाच्या पायरीवर बसून असायची, दाळमिलचा खाडा करून. मी माझा कागद नाझराच्या, म्हणजे आमच्या वरच्या कारकुनाच्या, टेबलावर ठेवायचो आणि मागच्या दारानं पाणी प्यायला जायचो. एकदा तिनं मला गाठलं. "बेलीफसाब, तब्येत तर बरी हाय ना त्यांची? घरी सापडतच न्हाईत म्हणून इचारलं." मला वाटलं ती टोमणा मारते. नव्हती मारत. तिला खरंच वाटत होतं, की कोर्टाच्या कागदावर लिहिलंय म्हणजे माणूस परागंदाच झाला असेल.

तिसरा कागद गेला आणि महिन्याभरात माळेगावची जत्रा भरली. नांदेड जिल्ह्यातली ही खंडोबाची जत्रा, जनावरांसाठी नावाजलेली. दुष्काळ असला तरी जत्रा भरते. संगप्पानं बसूला ट्रकमधून नेलं आणि पहिला नंबर आणला. नांदेडच्या एका पेपरात फोटो छापून आला. मधे बसू, गळ्यात हार, शेजारी फेटा बांधलेला संगप्पा, त्याच्याही गळ्यात हार. खाली ओळ: 'दुष्काळातही जिवापाड जपला लाडका वळू. पोटच्या लेकरासारखा सांभाळ.'

हा पेपर किशनराव वकिलांकडं मुरडगावच्याच मलप्पानं आणून दिला. मलप्पाचा वळू दुसरा आला होता.

साहेबांनी मला चेंबरमध्ये बोलावलं. पेपर पुढ्यात.

"शेषेराव, हा माणूस तुम्हाला तीन वेळा मिळाला नाही?"

"न्हाई साहेब."

"पेपरवाल्याला कसा मिळाला?"

मी माझ्या चपलांकडं बघत राहिलो.

"बरं," साहेब म्हणाले, "माणूस मिळत नसला तर राहू द्या. वळू मिळतो का बघा."

जप्तीचं वॉरंट निघालं. मी, एक पोलीस आणि दोन पंच असे जीपनं गेलो. ह्या खेपेला चटणी नव्हती. पार्वतम्मा उंबऱ्यात उभी राहून मला जे बोलली ते मी पंचनाम्यात घेतलं नाही. संगप्पानं मात्र बसूच्या अंगावर झूल घातली, कपाळाला भस्म लावलं आणि त्याच्या मानेत तोंड खुपसून रडला. पोलिसालाही गहिवरून आलं.

आता वळू न्यायचा कसा? जीपमध्ये मावत नाही. दोरी मी धरली तर तो जागचा हलेना, पोलिसानं धरली तर त्यानं नुसतं फुस्कारलं आणि पोलीस जीपमध्ये जाऊन बसला. शेवटी संगप्पा पुढं झाला. "बा बसू, बा," म्हणाला. कानडीत बा म्हणजे ये. बसू निघाला. सकाळी नऊला निघालो ते दुपारी तीनला कोर्टात पोचलो, संगप्पा पुढं, बसू त्याच्या मागं, त्यांच्या मागं आमची जीप पहिल्या गिअरमध्ये. तीन वेळा मिळून न आलेला माणूस जप्त केलेला माल स्वतः चालत कोर्टात घेऊन आला. कडुलिंबाला दोर बांधला, गाठ दोनदा तपासली आणि शेवटच्या एस.टी.नं घरी गेला.

दुसऱ्या दिवशी खरी अडचण निघाली. जप्त केलेलं जनावर उपाशी ठेवता येत नाही. त्याच्या वैरणीचा खर्च, ज्यानं जप्ती मागितली त्यानं आधी भरायचा, मग तो सामनेवाल्याकडून वसूल करायचा. नियमच आहे. नाझरानं बाजारात चौकशी केली. कडबा सोन्याच्या भावानं चाललेला. वळूचा आहार, पेंड धरून, रोजचे आठ रुपये. महिन्याचे दोनशे चाळीस.

साहेबांनी हे कमलम्माला समजावून सांगितलं. तिनं ते शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "साहेब, मपल्या लेकीला महिन्याला शंभर आन् ह्याला अडीचशे?"

"तसा नियम आहे, बाई."

"मग असं करा की साहेब. लेकीलाच जप्त करा. कोर्टाच्या झाडाखाली बसंल गप. लई खात न्हाई ती."

कोर्टात कुणीतरी फस्सकन हसलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसत राहिले.

तोड किशनरावांनी काढली. गावाबाहेर सरकारी खर्चानं जनावरांची छावणी चालू होती, तिथं वळू ठेवायचा, कमलम्माच्या ताब्यात. वैरण छावणीची, मेहनत कमलम्माची. साहेबांनी तसं लिहून दिलं. छावणीच्या कारकुनापुढं दुसराच पेच. त्याच्या फॉर्ममध्ये जनावराच्या मालकाचं नाव लागतं.

"मालक कोण?" त्यानं विचारलं.

"कोर्ट," कमलम्मा म्हणाली.

त्यानं लिहिलं, 'मालकाचे नाव: मा. कोर्ट. व्यवसाय: न्यायदान. जनावरे: एक.'

अशी कमलम्मा दिवसा दाळ निवडायची, संध्याकाळी शेण काढायची. गंगम्मा शाळेतून परस्पर छावणीत यायची आणि हौदातून बादली भरून बसूपुढं ठेवायची. पहिल्या आठवड्यात ती लांबूनच बादली सरकवायची. नंतर त्याच्या पोटाला टेकून पाढे पाठ करायला लागली.

इकडं संगप्पानं लातूरचा वकील दिला आणि हरकत घेतली. मुद्दा पक्का होता. शेतकऱ्याची शेतीला लागणारी जनावरं जप्त करता येत नाहीत, कायद्यातच तसं आहे. संगप्पा शेतकरी, बसू जनावर, सबब सोडा. माझंही मत तेच पडलं, की कमलम्मा आता हरली. संगप्पा पिंजऱ्यात उभा राहिला. त्याचा वकील विचारत गेला, हा "हाव, हाव" म्हणत गेला. मग किशनराव उठले, तोच कोट झटकून.

"संगप्पा, वळू चांगला आहे तुमचा."

"एक नंबर हाय साहेब. माळेगावात पहिला हाय."

"औताला लई ताकदीचा असेल."

संगप्पाचा चेहराच बदलला. "औताला? कोण औताला?"

"बसू. नांगर ओढत असेल, कुळव ओढत असेल."

त्याच्या वकिलानं खोकून बघितलं. डोळ्यांनी खूण केली. पण संगप्पा आता कोर्टात नव्हता, माळेगावच्या मैदानात होता. "ओ वकीलसाब, तोंड सांभाळून बोला. बसूच्या मानंवर आजवर जू ठिवलेलं न्हाई! त्याला कामाला लावायला मी काय भिकारी हाय? नांगराला मपल्याकडं चार बैलं हायेत, येगळी!"

"म्हणजे शेतीच्या कामाला बसू लागत नाही?"

"आयुष्यात लागला न्हाई!"

"बसा," किशनराव म्हणाले.

साहेबांनी हरकत फेटाळली आणि लिलावाची तारीख दिली. लातूरच्या वकिलानं तिथंच दप्तर आवरलं. संगप्पाला मात्र आपण काय केलं ते कळलंच नव्हतं. बाहेर येऊन तो मला म्हणाला, "बगा साब, माजल्यावानी इचारतंय. औताला म्हणे!"

तारीख दीड महिन्यानं होती. त्या दीड महिन्यात संगप्पा रोज छावणीत आला. रोज. मुरडगावहून पहिली एस.टी. पकडायची, दस्तीत गूळ आणि पेंड बांधून आणायची, बसूला हातानं भरवायची. सात वर्षांत पोरीला बघायला ह्याला गाडी मिळाली नव्हती. कमलम्मा दिसली की हा कडब्याच्या गंजीमागं जायचा. ती बघून न बघितल्यासारखं करायची.

जप्तीचा माल ठीक आहे का ते चौथ्या-पाचव्या दिवशी बघायचं काम माझं. म्हणून त्या दुपारी मी तिथं होतो. संगप्पाची सकाळची गाडी चुकली होती, तो उशिरा आला. गंगम्मा शाळेतून आलेली, बादली ओढत होती.

"ए पोरी, दमानं. पाणी सांडून राहिलीस," तो म्हणाला. "कुणाची गं तू?"

"कमलम्माची."

त्याचा हात बसूच्या पाठीवर होता, तिथंच थांबला. "आन् बापाचं नाव?"

"शाळेत संगप्पा लावलंय."

त्यानं दस्तीतून गुळाचा खडा काढला, दोन तुकडे केले. लहान तिला दिला, मोठा बसूला. तिनं खाल्ला. बोटं चाटली. मग तिनं विचारलं, "तुमी बसूचे कोण?"

"मालक हाय मी त्याचा."

"मग न्या की घरी. शेण काढून अव्वाची कंबर दुखतीया."

"नेता येत न्हाई बाळ," संगप्पा म्हणाला. "कोर्टाचा हुकूम हाय. हुकूम मोडता येत न्हाई."

मला वाटलं होतं, की आता हा जाऊन पैसे भरेल. त्या दिवशी त्याचा चेहरा तसा झाला होता खरा. पण घरी गेल्यावर पार्वतम्मानं समजूत घातली असेल किंवा त्यानंच स्वतःची घातली असेल. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, पुन्हा गूळ दिला, तिला आणि बसूला, आणि गेला. पैशाचं नाव नाही.

लिलावाला कोर्टाच्या आवारात ही गर्दी. मी बोली पुकारायला उभा. मलप्पा नवा शर्ट घालून आला होता. पहिलीच बोली त्याची, तीन हजार. एक व्यापारी साडेतीनवर गेला, मलप्पा चारवर. संगप्पा कडुलिंबाला टेकून होता. मलप्पा पाचवर गेला आणि बसूकडं बघून म्हणाला, "जू ठिवायचंय ह्याच्या मानंवर एकदा."

"पाच हजार एकवार," मी म्हणालो. "पाच हजार दोनवार."

संगप्पा गर्दीतून असा आला, की दोन माणसं पडली. कनवटीचं गाठोडं माझ्या टेबलावर आपटलं. सगळी चार वर्षांची बाकी, सुट्ट्या नाण्यांसकट, मोजून आणलेली. म्हणजे सकाळपासून त्याच्या कमरेलाच होती. मलप्पा नसता आला तर तो ती तशीच परत घेऊन गेला असता, याची मला खात्री आहे.

पावती झाली. दोर सोडताना तो सात वर्षांत पहिल्यांदा कमलम्माशी बोलला. "बसूला लई चांगलं ठिवलंस."

"पोरीला बी चांगलंच ठिवलंय," ती म्हणाली आणि दाळमिलला गेली. अर्धा खाडा वाचत होता.

तेव्हापासून मनिऑर्डर नेमानं यायला लागली. एक तारीख चुकली नाही. मनिऑर्डरीच्या कूपनावर दोन ओळी मजकूर लिहायची सोय असते, त्यावर संगप्पा दर वेळी एकच शब्द लिहायचा, 'वळूबद्दल'. पोस्टमन कमलम्माला वाचून दाखवायचा. ती म्हणायची, "लिवू द्या. पैसा तोच हाय."

एक्क्याण्णव साली बसू म्हातारा होऊन मेला. संगप्पानं वाजतगाजत माती दिली, जंगम बोलावले, गावाला जेवण घातलं. आणि पुढच्याच महिन्यात आमच्या कोर्टात त्याचा अर्ज. 'सदर वळू मयत झाल्याने पोटगी बंद करणेत यावी.' सोबत डॉक्टरचा दाखला जोडलेला. तोवर साहेब बदलले होते. नव्या साहेबांनी अर्ज दोनदा वाचला आणि मला विचारलं, "बेलीफ, हा वळू पक्षकार आहे का?" मी सगळं सांगितलं. अर्ज निकाली निघाला. तरी संगप्पानं आठ महिने दमडी पाठवली नाही. आता काय जप्त करता बघू, म्हणत असेल. कमलम्माची दरखास्त पुन्हा आली आणि मी जाऊन त्याची नवी राजदूत मोटरसायकल उचलून आणली. कमलम्मा ती बघायला आली. टाकीवर हात फिरवून म्हणाली, "बरी हाय. खात न्हाई काई." तीन दिवसांत पैसे भरून तो गाडी घेऊन गेला. त्यानंतर कूपन कोरं यायला लागलं, पण यायचं.

गंगम्मा अठराची झाली त्या महिन्याची मनिऑर्डर आली नाही. ती मोजूनच थांबवली होती. तोवर पोरगी बारावी झाली होती. नांदेडला डी.एड. केलं, कमलम्माच्या दाळमिलवर आणि मामाच्या थोड्या हातभारावर, आणि कंधारकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तरीण लागली. कमलम्मा तिच्यापाशी राहायला गेली.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मी रिटायर झालो त्या साली पुन्हा दुष्काळ होता. एका सकाळी दारात संगप्पा. केस पांढरे, बाकी तब्येत ठणठणीत. दोन मुलं, दोन्ही शेती बघतात, सुना चांगल्या, घरावर स्लॅब पडलेला. बसला, चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला. मग खुर्ची पुढं ओढली.

"साब, एक इचारायचं होतं. ऐकून हाय, की आईबापाला लेकरांनी पोसावं असा कायदा हाय."

"हाय."

"लेकीला बी लागू हाय?"

"लेकीला बी. पण आईबाप स्वतःचं भागवू शकत नसले तर."

"ते बगू की. मास्तरणीला आता चाळीस हजार पगार म्हणतेत. पोरं सांभाळतेत मला, तसं न्हाई. पण हक्क हाय तर सोडायचा कामून? मी बी तिचं केलंय. अकरा-बारा वर्षं मनिऑर्डर केली. आमच्या गावात कुण्या बापानं केली सांगा."

मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. त्यात कुठंही लाज नव्हती आणि लबाडीही नव्हती. तो गावात हेच सांगत होता, की पोरगी आपण शिकवली, आणि गाव माना डोलवत होतं. मी त्याला म्हणालो, तुझं तू बघ, मी आता बेलीफ नाही.

पण मला राहवलं नाही. कागद न देता माणसाला सावध करणं बेलीफाच्या नियमात बसत नाही, पण मी आयुष्यभर नियमात काय काय बसवलं ते वर सांगितलंच आहे. मी कंधारची गाडी धरली. गंगम्माची शाळा दोन खोल्यांची, पत्र्याची. मधल्या सुट्टीत तिनं मला ओसरीवर बसवलं, कमलम्मानं ताक दिलं. कमलम्मा हाडं हाडं झालेली, पण कान शाबूत. मी संगप्पा येऊन गेल्याचं सांगितलं. मला वाटलं, माय रडेल. ती ताकाचं भांडं विसळत म्हणाली, "जित्ता हाय म्हणायचा."

गंगम्मानं सगळं ऐकून घेतलं. खडूचे हात पदराला पुसले.

"काका, ते अर्ज करणार हायेत का नुसतं इचारून गेले?"

"करंल असं वाटतंय."

"करू द्या," ती म्हणाली. "नोटीस पाठवायला पत्ता हाच द्या, शाळेचा. मी इथंच असते, धा ते पाच. पहिल्याच तारखेला हजर राहीन."

घंटा झाली. चौथीची पोरं आत पळाली. तिनं मला एस.टी.ची वेळ सांगितली, दोन पंचवीसची गाडी बहुतेक येत नाही, तीनची येते, आणि ती वर्गात गेली.